दोघी जावा आणि एक वजनकाटा

डोंबिवलीतल्या एका इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर दोन बिऱ्हाडं आणि दोन्हींत मिळून एक स्वयंपाकघर. थोरली जाऊ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, धाकटी फोर्टमधल्या एका बँकेत. थोरलीनं सातआठ वर्षांपूर्वी बारा किलो वजन उतरवलं आणि त्यातलं बरंचसं परत चढू दिलं नाही. धाकटीनं आजवर उतरवलेल्या किलोंची बेरीज केली तर ती थोरलीच्या तिप्पट भरेल. फक्त प्रत्येक वेळी ते व्याजासकट परत आलं. श्रावण तोंडावर असताना एका रविवारी तिनं जाहीर केलं की आता बास, हा नाद सोडला. त्यावर दोघींत जे बोलणं झालं ते इथं मांडते आहे. मध्येमध्ये मलाही राहवलेलं नाही.

थोरली: बास म्हणजे काय? दिवाळीनंतर सहा किलो उतरवलं होतंस की.

धाकटी: आणि आखाडापर्यंत सात चढलं, तेही सांगा. ताई, मला कमी खायचा कंटाळा नाही आलेला, चालायचाही नाही. कंटाळा आलाय तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा. सुरू केलं की सगळे विचारतात, 'अरे वा, सध्या काय चाललंय?' सहा महिन्यांनी तेच लोक काही विचारत नाहीत, नुसते ताटाकडे बघतात. आता परत सुरू केलं तर माझी मुलगीसुद्धा हसेल.

थोरली: हसू दे. पहाटे साडेपाचला उठायचा मला रोज उत्साह असतो असं वाटतं का तुला? पावसात, त्या उखडलेल्या रस्त्यावरून? मनाला विचारायचंच नाही. बूट घालायचे आणि जिना उतरायचा. निर्धार लागतो गं, दुसरं काही नाही.

धाकटी: तुमच्या निर्धाराबद्दल मला आदर आहे. पण त्याचं कौतुक ऐकलं की मला हल्ली टोचतं. कारण त्याचा दुसरा अर्थ असा निघतो की माझ्यात तो नाही. बँकेत इतकी वर्षं झाली, कॅश जुळल्याशिवाय एक दिवस घरी आले नाही. मामंजींचं आजारपण काढलं, मुलीची दहावी काढली. निर्धार नसता तर हे झालं असतं? मग तो नेमका वजनाच्या वेळीच कुठे जातो?

थोरली गप्प बसली नाही, पण तिनं या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही. माझ्या मते सगळ्या वादातला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे. वर्षानुवर्षं वजनाशी झगडणारी माणसं इतर बाबतीत आळशी असतात असं कुणी दाखवून दिलेलं नाही. तरी वजन परत चढलं की पहिला संशय स्वभावावर जातो, आणि तो सर्वांत आधी घेते ती स्वतः ती व्यक्ती. उत्साह संपतो तो इथं, भुकेपाशी नव्हे.

धाकटी: मी वाचलंय यावर. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास जाड माणसांना दहा आठवडे अगदी तुटपुंजं खायला दिलं. सरासरी साडेतेरा किलो उतरले. मग वर्षभरानं त्यांचं रक्त परत तपासलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन अजून खालीच, भूक चेतवणारं घ्रेलिन अजून वरच. म्हणजे वर्ष झालं तरी शरीर हरवलेलं वजन विसरलेलं नव्हतं. तुम्ही म्हणता मनाला विचारायचं नाही. इथं मन विचारतच नाहीये, रक्त मागतंय.

थोरली: सगळ्यांचं मागतं. माझं नाही मागत?

धाकटी: तुमचं आठ वर्षांत निवलं असेल. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची, 'द बिगेस्ट लूजर'. त्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी परत मोजलं. उतरवलेलं होतं सरासरी अठ्ठावन्न किलो, त्यातलं एकेचाळीस परत आलेलं. आणि नुसतं बसून शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, ती अपेक्षेपेक्षा दिवसाला पाचशे कॅलरींनी कमी. सहा वर्षांनीसुद्धा! २०१६ साली छापून आलंय ते.

थोरली: तीस आठवड्यांत अठ्ठावन्न किलो उतरवायचे म्हणजे अघोरीच की. त्यावरून घरच्या बायकांचा हिशेब कसा मांडतेस? मीही वाचते हो. अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तसंच राखणाऱ्यांची. हजारो माणसं आहेत तिच्यात. आणि त्यांतल्या बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेलेच होते. तुझ्यासारखेच. ते करतात काय? रोज तासभर चालणं वगैरे, आठवड्यातून एकदा तरी वजन, सुट्टीच्या दिवशीही तेच जेवण. यात जादू कुठे आहे?

धाकटी: जादू नाही, पण गाळणी आहे. ज्यांचं टिकलं तेच नाव नोंदवायला गेले. ज्यांचं परत आलं ते माझ्यासारखे घरी बसले.

थोरलीला गाळणीचा मुद्दा लगेच पटला. शेवटी गणिताची शिक्षिका. पण नोंदवहीतली एक गोष्ट गाळणीतूनही उरते आणि ती धाकटीनं इतक्या सहज सोडायला नको होती: आधी फसलेला माणूस पुढे यशस्वी होऊ शकतो. तो होईलच असं नव्हे.

थोरली: बरं, मी माझ्यापुरतं सांगते. मी कुठलं पथ्य केलं नाही. तुम्ही सगळे २०१८ च्या सुमारास दीक्षितांचं पथ्य की दिवेकरांचं, दोनदा खायचं की दर दोन तासांनी, म्हणून भांडत होता, तेव्हा मी नुसती चालत होते.

धाकटी: मी दोन्ही केलं. दोन्हींनी वजन उतरलं, खोटं कशाला बोलू? दोन वेळाच जेवायचं, तेही पंचावन्न मिनिटांत, हे मला तर आवडलंही होतं. डबा एकच. मग मामंजी रुग्णालयात गेले. रात्री तिथं, सकाळी बँक. त्या महिन्यात जे समोर आलं ते खाल्लं. पथ्य चुकीचं नव्हतं, माझा दिवस पथ्याच्या मापाचा नव्हता.

थोरली: दिवस कुणाचा मापाचा असतो?

धाकटी: तुमचा होता. रागावू नका. तुमची सकाळची शाळा, एकला घरी. आता तर निवृत्तच. मी आठच्या लोकलला लोंबकळते, साडेसातला परत येते आणि कणीक मळायला घेते. सरकारनं २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात देतात. पुरुष ८८. आणि हे ८८ म्हणजे जे पुरुष घरकामाला मुळात हात लावतात त्यांचं. तुमचे भावजी त्या सरासरीतही बसत नाहीत.

(भावजी म्हणजे धाकटीचा नवरा. तो शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत होता असं कळतं.)

थोरली: अगं, पण वेळ काढावा लागतो. आणि नुसता वेळेचा प्रश्न असता तर सुट्टीत तुझं वजन उतरलं असतं. खाण्याचं काय? रात्री सगळे उठल्यावर तू ओट्यापाशी उभी राहून काय करतेस, ते मी बघते बरं का.

धाकटी: काय करते? पातेल्यात दोन घास भात उरतो. मुलीच्या ताटात अर्धी पोळी. आमटीचा तळ. एवढंसं फ्रिजमध्ये कशात काढून ठेवू? आणि टाकवत नाही. सासूबाईंच्या समोर तर नाहीच.

थोरली: रोजचे दीडशे कॅलरी धर. वर्षाला चोपन्न हजारांवर गेले. किलोला सात हजार सातशे धरले तर सात किलो. हे बघ तुझं आखाडातलं सात!

हा हिशेब फळ्यावर छान दिसतो, पण शरीर असा सरळ गुणाकार करत नाही. वजन वाढलं की तेच शरीर हलवायला खर्चही वाढतो, त्यामुळे तेवढ्याच घासांवर वजन अखंड चढत राहत नाही, कुठेतरी थांबतं. हीच गोष्ट उतरतानाही होते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांतला वेग पुढे राहत नाही आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तरी थोरलीचा रोख बरोबर होता. ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेलं कुणीच जेवणात धरत नाही. खाणारी तर नाहीच.

धाकटी: मग तुम्ही काय करायचात? तुमच्या वेळी उरत नव्हतं?

थोरली: उरायचं की. मीच संपवायची. मग मी एक केलं, पहिल्या पंगतीला बसायला लागले. ह्यांच्याबरोबर. स्वतःचं ताट वाढून घ्यायचं, जेवायचं, उठायचं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. पण त्या एका गोष्टीनं माझं निम्मं काम झालं. चालण्यानं नाही झालं तेवढं त्यानं झालं, आज विचार केला तर.

धाकटी: आणि तेव्हापासून शेवटी कोण बसतं?

इथं बराच वेळ कुणी बोललं नाही.

थोरली: मी तसा विचार केला नव्हता.

धाकटी: मीही केला नव्हता, आत्ता तुम्ही बोललात तेव्हा सुचलं. तुमच्यावर आळ नाही घेत आहे. माझं वजन त्याआधीही होतंच, थायरॉईडची गोळी पस्तिशीपासून चालू आहे. पण तुम्ही ज्याला तुमचा निर्धार म्हणता ना, त्यातला थोडा भाग म्हणजे तुम्ही खुर्ची बदललीत. आणि रिकाम्या खुर्चीवर मी येऊन बसले.

मला या लेखात म्हणायचं आहे ते धाकटीनं माझ्याआधी म्हणून टाकलं. वजन उतरवायचा उत्साह टिकत नाही म्हणून आपण एकेका माणसाला धरून बसतो. त्याला सुविचार पाठवतो, पावलं मोजणारं घड्याळ भेट देतो. पण घरात तांदूळ किती लावायचा, तेलाचा डबा किती दिवस पुरवायचा, शेवटी कोण जेवणार, सकाळचा तास कुणाचा, हे काही त्या एकट्या माणसाच्या हातात नसतं. सुनेच्या हातात तर फारच कमी. एक लिटर तेल म्हणजे आठ हजारांच्या वर कॅलरी. ते महिन्याला पाच लिटर लागतं की साडेतीन, हे 'मी डाएटवर आहे' म्हणणारी एकटी ठरवू शकत नाही. तिच्यासाठी वेगळी भाजी होते, आणि वेगळ्या भाजीचं आयुष्य फार तर तीन महिने.

थोरली: बरं, ते आपण बघू. पण सोडायचं कसं म्हणतेस तू? मागच्या महिन्यात तुझा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर सहाच्या वर. मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर आहेस. इथं दिसण्याचा प्रश्नच नाही.

धाकटी: तेच तर म्हणते. साखरेवर बोला, मी ऐकेन. काट्यावर नको. काटा खोटं बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा फोटो आला होता 'लॅन्सेट'मध्ये, २००४ साली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. आणि अंगातली चरबी? युडकिनांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडची माणसं बारीक दिसतात आणि आतून जाड असतात, हे त्या एका फोटोत आलं.

थोरली: म्हणजे काटा खोटं बोलतो तो आपल्या बाजूनं बोलतो, एवढंच सिद्ध झालं. मग कंबर मोज. बाईची ऐंशी सेंटिमीटरच्या वर नको म्हणतात. टेप आणू?

धाकटी: (हसून) नको. पण अजून एक ऐका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबऱ्यावरच्या पाचशेवर लोकांचा तीन वर्षं अभ्यास केला, २००६ साली छापला. ज्यांना चालणं आणि खाण्यातला बदल सांगितला, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी. आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं.

थोरली: म्हणजे चालायला हवं.

धाकटी: म्हणजे वजन करायला नको.

दोघी एकाच आकड्यावर बोट ठेवून दोन बाजूंना निघाल्या, आणि दोघींचंही बरोबर होतं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात फायदा दुप्पट, ५८ टक्के दिसला होता. तिथं लक्ष्य होतं सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं. सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाच किलो. धाकटीनं आजवर धरलेली लक्ष्यं वीस किलोंची होती, भावाच्या मुलाच्या मुंजीतल्या, पुतण्याच्या लग्नातल्या, कुठल्या ना कुठल्या फोटोच्या तारखेला बांधलेली. लग्न होऊन गेलं की लक्ष्यही गेलं. साखरेची तारीख अशी टळत नाही.

थोरली: त्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं काय म्हणाले डॉक्टर?

धाकटी: म्हणाले, विचार करा. २०२५ पासून आपल्याकडे ती दोन्ही मिळायला लागली. टिर्झेपटाइड आधी, मग वजनासाठीचं सेमाग्लुटाइड.

थोरली: मला नाही पटत. सुया टोचून वजन उतरवायचं, म्हणजे आपण काय केलं?

धाकटी: रक्तदाबाची गोळी घेता ना तुम्ही रोज? तेव्हा विचारता, आपण काय केलं?

थोरली: ते वेगळं.

धाकटी: काय वेगळं?

थोरलीनं वेगळेपण शोधलं, सापडलं नाही, आणि तिनं ते कबूल केलं. मला तिचं हे फार आवडलं. भूक जर रक्तातून येत असेल तर तिच्यावरचा उपाय रक्तातून गेला म्हणून कमीपणा कसला? मात्र धाकटीही भुलली नव्हती.

धाकटी: मी आत्ता लगेच घेणार नाही. सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्के वजन उतरतं म्हणे सेमाग्लुटाइडनं. पण थांबवलं की वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत येतं, तेही अभ्यासात दिसलंय. म्हणजे कायमचं घ्यायची तयारी हवी, पैसे हवेत. आणि चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून वजनं उचलायचा व्यायाम सोबत हवाच. साखर वाढली तर घेईन, कुणाला न लाजता. तोपर्यंत दुसरं काहीतरी.

थोरली: दुसरं काय? आत्ता तर सोडलं म्हणालीस.

धाकटी: वीस किलो उतरवायचं सोडलं. या वर्षी वजन वाढू द्यायचं नाही, एवढंच धरते. पुढच्या दिवाळीला आहे तेवढं असलं तरी जमलं म्हणेन.

थोरली: एवढंच? हे काय लक्ष्य झालं?

धाकटी: दर वर्षी किलो-दीड किलो चढत आलेल्या माणसाला विचारा. आणि मोजायचं काय, तर दंडाला पाच किलोचं डंबेल किती वेळा उचललं जातं ते. तो आकडा निदान वर जातो.

थोरली: सोमवारी माझ्याबरोबर काट्यावर उभी राहा. मी बघणार नाही.

धाकटी: तुम्ही कॅलेंडरवर लिहिता, दुधाच्या हिशेबाखाली. सगळं घर वाचतं. नाही राहणार. महिन्यातून एकदा, दार लावून, माझी मी बघेन.

थोरली: दर आठवड्याला बघितलं तर चढायला लागलेलं लवकर कळतं गं.

धाकटी: तुम्हाला कळतं आणि तुम्ही एक पोळी कमी करता. मला कळतं आणि मी दोन दिवस कुणाशी बोलत नाही, तिसऱ्या दिवशी फरसाणाचा डबा काढते. एकच काटा, पण आपण दोघी एक नाही ना.

या मुद्द्यावर त्यांचं जमलं नाही, आणि जमायला हवं असंही नाही. वारंवार वजन करणं काहींना सावध ठेवतं, काहींना खचवतं. आपण कुठल्या गटातल्या, हे ज्याचं त्यालाच कळतं. श्रावणाचं मात्र पटकन ठरलं. सोमवारी साबुदाण्याची खिचडी नाही, भगर आणि दाण्याची आमटी, तीही वाटीनं मोजून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचं कूट. त्याला उपास म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना नमस्कार. भगर काही औषध नव्हे, पण दोघींची त्यावर एकवाक्यता झाली एवढं खरं. सासूबाईंना सांगायचं काम थोरलीनं घेतलं, कारण चार दिवसांच्या अबोल्याचा अनुभव तिलाच होता.

थोरली: आणि शेवटच्या पंगतीचं? मी बसू का शेवटी, आठवडाभर तू, आठवडाभर मी?

धाकटी: म्हणजे परत आपल्यातच वाटून घ्यायचं? नको. सगळे एकदम बसू. दादांना आणि तुमच्या भावजींना सांगा, मागची झाकपाक त्यांची. उरलंसुरलं काढून ठेवतील, नाहीतर खातील.

थोरली: ह्यांना झाकपाक येत नाही गं. कुठलं पातेलं कुठे, ते माहीत नाही.

धाकटी: दोन रात्री भात संपवावा लागला की तांदूळ किती लावायचा ते तेच येऊन सांगतील आपल्याला.

थोरली: आणि भावजी?

धाकटी: त्यांना मी सांगते. सामना संपू दे.